खोडू नका, झाका: अनेक लेअरच्या चित्रात मास्कचा वापर

फोटोतला नको असलेला भाग दिसला की माऊस आपोआप इरेझरकडे जातो. एकच फोटो असेल आणि तो पुन्हा उघडायचा नसेल, तर त्यात बिघडत काही नाही. पण मुखपृष्ठ, पोस्टर, लग्नपत्रिका, मंडळाचा फ्लेक्स अशा कामात चार-पाच फोटो एकावर एक बसवलेले असतात आणि ऐनवेळी गिऱ्हाईक म्हणतं, "तो मागचा दरवाजा जरा अजून दिसू द्या की!" दरवाजा खोडून टाकला असेल तर तो आणायचा कुठून? अनडूची साथ फाइल बंद होईपर्यंतच. त्यानंतर मूळ फोटो शोधा, पुन्हा त्याच मापाला आणा आणि पुन्हा पहिल्यापासून कडा कापा.

जाणता शिंपी लहान मुलाचा कपडा शिवताना जास्तीचं कापड कापत नाही, आत माया ठेवतो. मूल वाढलं की शिवण उसवायची. मास्क चित्रासाठी हेच करतो. नको असलेला भाग दिसत नाही, पण फाइलमध्ये जागच्या जागी असतो.

हे समजायला एक काम डोळ्यांसमोर ठेवू. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ करायचं आहे. सगळ्यात मागे संध्याकाळचं आकाश, त्यावर जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा, सगळ्यात पुढे आकाशकंदील आणि वर अंकाचं नाव. फोटोशॉप, जिंप, क्रिटा किंवा ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी यांपैकी काहीही वापरा. बटणांची नावं थोडी बदलतील, तत्त्व तेच राहील.

मास्क नेमकं काय करतो?

मास्क म्हणजे लेअरला जोडलेलं आणखी एक चित्र, पण बिनरंगाचं. त्यात काळा, पांढरा आणि मधल्या करड्या छटा एवढंच असतं. जिथे मास्क पांढरा तिथे लेअर पूर्ण दिसतो, जिथे काळा तिथे पूर्ण लपतो आणि जिथे करडा तिथे खालचं थोडं आरपार दिसतं. नेहमीच्या आठ-बिट फाइलमध्ये काळ्याची किंमत ०, पांढऱ्याची २५५. म्हणजे १२८ च्या आसपासचा करडा लेअरला साधारण ५० टक्के दाखवतो.

यामागचा हिशेब सोपा आहे. समजा, एका ठिपक्यावर वरच्या लेअरची उजळता २४० आहे आणि खालच्याची ४०. मास्क ५० टक्के असेल तर दोन्हींचा निम्मा निम्मा वाटा, म्हणजे १२० अधिक २०, एकूण १४०. मास्क २५ टक्क्यांवर आणला तर ६० अधिक ३०, म्हणजे ९०. लेअरची ओपॅसिटीही कमी केलेली असेल तर तिचा आणि मास्कचा गुणाकार होतो. ओपॅसिटी ५० टक्के आणि मास्क ५० टक्के, तर दिसणार फक्त २५ टक्के. "मास्क तर पांढरा आहे, मग फोटो फिका का?" असा प्रश्न पडला की आधी ओपॅसिटीचा आकडा बघावा.

ही कल्पना संगणकाच्याही आधीची आहे. ऑफसेट छपाईत पारदर्शक फिल्मवर चढवलेला लाल थर ब्लेडने कापून छपाईतला नको तो भाग झाकत. फोटोशॉपमध्ये मास्क चित्रावर लाल छटेतही बघता येतो, तो त्या लाल फिल्मचाच वारसा. प्रत्येक ठिपक्याला रंगाबरोबर पारदर्शकतेचा आकडा द्यायचा, हा अल्फा चॅनेलचा विचार १९७० च्या दशकात एल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमुल यांनी मांडला. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये एकावर एक चित्रं बसवण्याचं गणित नीट लिहून काढलं. फोटोशॉपमध्ये लेअर आले ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून.

पहिला मास्क

दरवाजाचा लेअर निवडा. फोटोशॉपमध्ये लेअर्स पॅनेलच्या तळाशी आयतात गोल असलेलं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की पांढरा मास्क लागतो. ऑल्ट दाबून क्लिक केलं तर काळा लागतो. तळाचा बॅकग्राउंड लेअर कुलूपबंद असेल तर आधी कुलपावर क्लिक करून तो मोकळा करा. जिंपमध्ये लेअरवर राइट क्लिक करून 'अ‍ॅड लेअर मास्क' निवडा. तिथे पांढरा, काळा, सिलेक्शनवरून, लेअरच्याच करड्या प्रतीवरून असे पर्याय विचारले जातात. क्रिटामध्ये याला 'ट्रान्स्परन्सी मास्क' म्हणतात.

थोडाच भाग लपवायचा असेल तर पांढऱ्यापासून सुरुवात करावी, थोडाच भाग दाखवायचा असेल तर काळ्यापासून. एवढ्यानेही निम्मी मेहनत वाचते.

आता लेअरच्या शेजारी दोन छोटी चित्रं दिसतील, एक फोटोचं आणि एक मास्कचं. ज्याच्याभोवती चौकट आहे त्यावर तुमचा ब्रश चालतो. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. मास्क निवडलाय असं समजून काळा ब्रश थेट फोटोवर फिरवला जातो. ब्रश मारताच तो भाग लपण्याऐवजी काळा दिसला, की लगेच थांबा, अनडू करा आणि मास्कच्या चित्रावर क्लिक करा.

फोटोशॉपमध्ये डी दाबलं की ब्रशचे रंग मूळच्या काळ्या-पांढऱ्यावर येतात आणि एक्स दाबलं की त्यांची अदलाबदल होते. जिंपमध्येही हीच दोन अक्षरं चालतात. उजव्या हातात ब्रश, डावं बोट एक्सवर, अशी सवय लावून घ्या. जास्त झाकलं गेलं की एक्स दाबून पांढऱ्याने परत आणायचं. झाकणं आणि परत आणणं या दोन्हींना सारखेच कष्ट पडतात, हाच मास्कचा खरा फायदा.

ब्रश, ग्रेडियंट, सिलेक्शन

मास्क भरण्याचे तीन मार्ग आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी.

दरवाजाचा वरचा भाग आकाशात विरघळवायचा आहे. त्यासाठी ग्रेडियंट. मास्क निवडून, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा ग्रेडियंट वरून खाली ओढा. आवडला नाही तर पुन्हा ओढा, आधीचा पुसला जातो. मोठ्या फ्लेक्ससाठी लांबलचक ग्रेडियंट केला तर पट्टे दिसण्याचा धोका असतो, कारण आठ-बिटमध्ये छटा २५६ च आणि त्या हजारो ठिपक्यांवर पसरायच्या असतात. ग्रेडियंटच्या पर्यायांमध्ये 'डिदर' सुरू ठेवा, किंवा मास्कवर अगदी किंचित नॉइज घाला.

कंदिलाची कामट्यांची बाजू सरळ आणि ठसठशीत असते. तिथे पेन टूल किंवा लॅसोने सिलेक्शन करून त्यावरून मास्क तयार करावा. सिलेक्शन करून मागचं डिलीट करण्याची सवय अनेकांना असते, तेवढी मोडली की पुरे.

उरतात त्या कंदिलाच्या झिरमिळ्या. हा भाग जरा जवळून बघू, कारण मास्कची परीक्षा इथेच होते. झिरमिळ्या पातळ कागदाच्या असतात, त्यांतून मागचा उजेड दिसतो. त्या पूर्ण पांढऱ्या मास्कने दाखवल्या तर पुठ्ठ्यासारख्या वाटतात. आधी सिलेक्शनने त्यांचा बाह्याकार पांढरा करून घ्या. मग मऊ ब्रश, ओपॅसिटी २० ते ३० टक्के, रंग काळा, आणि कागद जिथे एकेरी आहे तिथे हलका हात फिरवा. मास्क करडा होत जाईल तसं मागचं आकाश कागदातून डोकावू लागेल. जिथे दोन झिरमिळ्या एकमेकींवर आल्या आहेत तिथे हात फिरवू नका, कारण खऱ्या कंदिलातही तिथे कागद दुहेरी असतो. मास्क आणि कटाउट यांतला फरक या करड्या छटांमध्ये आहे.

दोन लेअर मिसळताना एकालाच मास्क

दरवाजा वर विरघळतोय म्हणून आकाशही खाली विरघळवावं, असं वाटणं स्वाभाविक आहे. मग दरवाजाला एक मास्क आणि आकाशाला त्याच्या बरोबर उलटा मास्क लावला जातो. परिणाम असा की सांध्याच्या जागी फिकट पांढुरका पट्टा दिसतो आणि कारण कळत नाही.

कारण गणितात आहे. सांध्याच्या मध्यावर दरवाजा ५० टक्के. उरलेल्या ५० टक्क्यांत आकाश यायला हवं, पण त्याचाही मास्क तिथे ५० टक्के असल्याने ते उरलेल्याच्या निम्मं, म्हणजे २५ टक्केच भरतं. बाकीच्या २५ टक्क्यांतून तळाचा पांढरा कागद दिसतो. उपाय एका वाक्यात: मास्क वरच्या लेअरला, खालचा लेअर अखंड. खालचा लेअर स्वतःही तळाशी विरघळवायचा असेल तरच त्याला वेगळा मास्क, आणि तोही वरच्या सांध्यापासून दूर.

अनेक लेअर, एक मास्क: ग्रुप

कंदील आता एका लेअरचा राहिलेला नाही. खाली मूळ फोटो, त्यावर तुटलेला कोपरा दुरुस्त करणारा लेअर, त्यावर लाल रंग थोडा खुलवणारा लेअर. सगळ्यांना सारखा मास्क हवा. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून मास्क ओढला की दुसऱ्या लेअरवर त्याची प्रत होते. जिंपमध्ये 'मास्क टू सिलेक्शन' करून दुसऱ्या लेअरवर सिलेक्शनवरून मास्क बनवता येतो. पण एकावर एक असलेल्या लेअरना असे तीन सारखे मास्क लावणं दोन कारणांनी घातक आहे.

पहिलं कारण व्यवहाराचं. या प्रती एकमेकींपासून स्वतंत्र असतात. एकीत दुरुस्ती केली की बाकीच्या दोन जुन्याच राहतात. दुसरं कारण पुन्हा गणिताचं. कडेला मास्क ५० टक्के असेल आणि तोच मास्क एकावर एक असलेल्या दोन लेअरना असेल, तर एकत्रित झाकण ५० नव्हे, ७५ टक्के होतं. तीन लेअर असतील तर साडेसत्त्याऐंशी. मऊ ठेवलेली कड जाड आणि कडक होते. झिरमिळ्यांची सगळी मेहनत अशीच वाया जाते.

म्हणून कंदिलाचे सगळे लेअर एका ग्रुपमध्ये घ्या आणि मास्क ग्रुपला लावा. फोटोशॉपमध्ये लेअर निवडून कंट्रोल-जी दाबा आणि ग्रुप निवडलेला असतानाच मास्कच्या चिन्हावर क्लिक करा. जिंपमध्ये ग्रुपला मास्क लावण्याची सोय २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून आहे. ग्रुपमधले लेअर आधी एकमेकांत मिसळतात, मग मास्क एकदाच लागतो. ओपॅसिटीचंही तसंच. संपूर्ण कंदील फिका करायचा असेल तर लेअरची नव्हे, ग्रुपची ओपॅसिटी कमी करा.

ग्रुपची एक खोच मात्र लक्षात ठेवा. फोटोशॉपमध्ये नवा ग्रुप 'पास थ्रू' पद्धतीत असतो, म्हणजे आतल्या रंगदुरुस्तीच्या लेअरचा परिणाम ग्रुपबाहेरच्या आकाशावरही होतो. लाल रंग फक्त कंदिलाचाच खुलायला हवा असेल तर ग्रुप 'नॉर्मल' करा. पण मग कंदिलाभोवतीचा पिवळा उजेड, जो 'स्क्रीन' पद्धतीच्या लेअरने दिला आहे, तो आकाशात नीट मिसळत नाही, कारण नॉर्मल ग्रुपच्या आतून त्याला आकाश दिसतच नाही. उजेडाचा लेअर ग्रुपच्या बाहेर, लगेच वर ठेवावा आणि त्याला स्वतःचा मऊ मास्क द्यावा.

एक निर्णय, एक मास्क

अनेक लेअरच्या कामात इतर सगळं विसरलात तरी एवढं विसरू नका: वेगवेगळे निर्णय एकाच मास्कमध्ये कोंबू नका.

कंदिलाचा आकार कापणं हा एक निर्णय, तो सहसा बदलत नाही. कंदील खालच्या बाजूला धूसर करणं हा दुसरा निर्णय, तो संपादक तीन वेळा बदलणार. दोन्ही एकाच मास्कमध्ये केले तर धूसरपणा काढताना कापलेल्या कडाही बिघडतात. म्हणून आकाराचा मास्क आतल्या ग्रुपला लावा. मग तो ग्रुप आणखी एका ग्रुपमध्ये ठेवून बाहेरच्या ग्रुपला धूसरपणाचा मास्क लावा. बाहेरचा मास्क पुसून पांढरा केला तरी आतला कंदील जसाच्या तसा राहतो.

अंकाचं नाव कंदिलाच्या मागून जातंय असं दाखवायचं असेल तर अक्षरांच्या लेअरला मास्क लावा. कंट्रोल दाबून कंदिलाच्या ग्रुपच्या मास्कवर क्लिक केलं की त्याचं सिलेक्शन मिळतं. अक्षरांच्या मास्कवर तेवढा भाग काळा भरला की झालं. अक्षरं टाइप केलेलीच राहतात, त्यामुळे फॉन्ट बदलला किंवा वर्ष दुरुस्त केलं तरी काम मोडत नाही.

एखाद्या लेअरचा परिणाम खालच्या लेअरच्या आकारापुरताच ठेवायचा असेल, जसं दरवाजाच्या लाकडावर पडलेला पिवळा उजेड, तर वेगळा मास्क रंगवायची गरजच नाही. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून दोन लेअरच्या मधल्या रेषेवर क्लिक केलं की क्लिपिंग मास्क तयार होतो. क्रिटामध्ये ग्रुप करून 'इनहेरिट अल्फा' वापरतात. जिंपमध्ये ग्रुपच्या आत 'क्लिप टू बॅकड्रॉप' हा पर्याय तेच काम करतो. दरवाजाचा आकार बदलला तर उजेडही आपोआप त्याच्या मागे जातो.

मास्क तपासायचा कसा?

फोटोशॉप आणि जिंप दोन्हींत ऑल्ट दाबून मास्कच्या चित्रावर क्लिक केलं की पडद्यावर फक्त मास्क दिसतो. मास्क तात्पुरता बंद करायला फोटोशॉपमध्ये शिफ्ट-क्लिक, जिंपमध्ये कंट्रोल-क्लिक. दर मोठ्या टप्प्याला एकदा मास्क उघडून बघावा. मॉनिटरवर काळा वाटलेला भाग प्रत्यक्षात १० किंवा १५ किमतीचा करडा निघतो, आणि छापल्यावर आकाशात कंदिलाच्या मूळ फोटोतली भिंत भुतासारखी उमटते. मास्कवर लेव्हल्स लावून काळ्या टोकाचा आकडा १५ च्या आसपास आणि पांढऱ्या टोकाचा २४० च्या आसपास आणला की असा कचरा निघून जातो. झिरमिळ्यांच्या मधल्या करड्या छटा किंचित बदलतील, त्या नजरेने परत तपासाव्यात.

कडेला जुन्या पार्श्वभूमीची फिकट किनार राहिली असेल तर मास्क एक-दोन पिक्सेल आत घ्या. त्यानेही भागलं नाही तर कंदिलावर क्लिप केलेला एक रिकामा लेअर घेऊन किनारीवर कागदाचाच रंग हलका मारा.

मास्क शक्यतो अंतिम मापावरच करावा. दोन पिक्सेलचा मऊपणा ७२ पीपीआयच्या पडद्यासाठी पुरतो. ३०० पीपीआयच्या छापील मुखपृष्ठावर तोच मऊपणा दिसतही नाही. फोटो आणि मास्क यांच्या मधलं साखळीचं चिन्ह लागलेलं असेल तर दोन्ही एकत्र सरकतात. मास्क जागेवर ठेवून आतला फोटो सरकवायचा असेल तर आधी साखळी काढा.

आणि 'अप्लाय लेअर मास्क' या आज्ञेपासून जपून. ती मास्कचा परिणाम फोटोत कायमचा उतरवते, म्हणजे झाकलेलं खरंच खोडलं जातं. फाइल हलकी करायची म्हणून ती वापरण्याचा मोह होतो. करायचंच असेल तर प्रतीवर करा.

साठवताना आणि पाठवताना

मास्क जिवंत ठेवायचा तर फाइल पीएसडी, जिंपची एक्ससीएफ किंवा क्रिटाची केआरए या स्वरूपात साठवा. पीएनजीमध्ये पारदर्शकता टिकते, पण लेअर आणि मास्क टिकत नाहीत. जेपीजीमध्ये पारदर्शकताही टिकत नाही. प्रेसला पाठवायची सपाट फाइल नेहमी वेगळ्या नावाने साठवा, मूळ फाइलवर फ्लॅटन करू नका. लेअरना नावं द्या: 'कंदील-आकार', 'कंदील-धूसर', 'दरवाजा'. 'लेअर ७ कॉपी २' म्हणजे काय ते महिन्याभराने तुम्हालाही सांगता येणार नाही.

मास्कचा सगळ्यात मोठा गुण एका ठिकाणी दोष ठरतो, तोही सांगितला पाहिजे. मास्कने झाकलेलं फाइलमध्ये असतं. फोटोतला आधार क्रमांक, लहान मुलाचा चेहरा किंवा गाडीची नंबरप्लेट मास्कने लपवून पीएसडी कुणाला दिली, तर समोरच्याने एक क्लिक केलं की सगळं उघडं पडतं. जिंपमधून पीएनजी काढताना पारदर्शक ठिपक्यांचे रंग जपून ठेवण्याचा पर्याय असतो. तो सुरू राहिला तर तिथेही लपवलेलं परत मिळू शकतं. जे कुणाच्याच हाती पडू नये ते प्रतीवर गडद रंगाने भरून टाका, फाइल सपाट करून जेपीजी काढा आणि तीच पाठवा. खोडणं योग्य ठरतं अशी ही जागा.

बाकी सगळीकडे मास्कच वापरा. सुरुवातीचे दोन-चार दिवस हात इरेझरकडे जाईल, तर टूलबारमधून तो सरळ लपवून ठेवा. सपाट फाइल प्रेसला द्या, लेअरची फाइल स्वतःकडे ठेवा, आणि ती किमान पुढच्या दिवाळीपर्यंत डिलीट करू नका.